फक्कीचं रिंगण

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. एरवी निवृत्त बाईंना कोण विचारतं? दिवाळीला दोन मेसेज, शिक्षकदिनाला चार, संपलं. पण झाडं लावायचे दिवस आले की मी एकाएकी मोठं माणूस होते. कुठली शाळा, कुठलं तरुण मंडळ, कुठली ग्रामपंचायत. 'बाई, तुमच्या हस्ते पहिलं रोप.' मग शाल, नारळ, कॅमेऱ्याकडं बघत लोटलेली ओंजळभर माती. कपाटातला एक अख्खा कप्पा शालींनी भरलाय. त्यातली एकही मी कधी अंगावर घेतलेली नाही. थंडी वाजली तर जुनी चादर ओढून घेते.

यंदाचा पहिला फोन सुरेखाचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माळरानाच्या गावात मी ऐन उमेदीत सात वर्षं शिकवलं, तिथली ही माझी विद्यार्थिनी. धनगरवस्तीवरून शाळेत आलेली पहिली मुलगी. आज ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि हे सांगताना माझा ऊर अजून भरून येतो, ते मी लपवत नाही.

"बाई, यंदा ओढ्यापलीकडचा माळ घेतलाय," ती म्हणाली. "सगळाच्या सगळा. सरपंच जेसीबी लावून खड्डे घेणारेत. अलीकडं तुमची झाडी, पलीकडं आमची. गुरुवारी यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी हो म्हणाले. सवयीनं. मग फोन हातात धरून तशीच बसून राहिले. ओढ्यापलीकडचा माळ. तो एवढा एक तरी राहिला होता, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आले होते.

मी मूळची भिंगारची. छावणीच्या सावलीत वाढले, म्हणजे खरोखरच सावलीत. वडील लष्कराच्या एका खात्यात स्टोअरकीपर होते आणि आमच्या क्वार्टरपासून शाळेपर्यंत उन्हाचा एक तुकडा पायाखाली येत नसे. वड, कडुनिंब, चिंचा. खोडांना खालून चार फूट गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. बाजारात गेलं की ऊन, छावणीत आलं की सावली. झाड म्हणजे शिस्त, झाड म्हणजे स्वच्छता, झाड म्हणजे चांगली माणसं राहतात ती जागा, असं काहीतरी माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं असणार. कुणी शिकवलं नाही. सावलीनंच शिकवलं.

त्यामुळे नेमणुकीच्या पहिल्या दिवशी एसटीतून उतरले आणि समोर तो माळ पाहिला, तेव्हा मला रडूच आलं. काही म्हणजे काही नाही. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, वर भलंमोठं आभाळ. डोळा टेकवायला एक बाभूळ म्हणाल तर तीही ओढ्याच्या काठाला. साडीच्या काठाला कुसळं अडकली ती रात्री दिव्याजवळ बसून एकेक काढावी लागली. मला त्या गावातल्या मुलांची मनापासून कीव आली. बिचाऱ्यांना सावली माहीत नाही, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं.

माळाला मी 'ओसाड' म्हणत असे. गावात मात्र तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ते नुसतं 'माळ' म्हणत.

पहिल्याच पावसाळ्यात मी तो पक्षी पाहिला. सकाळची वेळ, श्रावणातलं कोवळं ऊन. लांबवर कुणीतरी पांढरं धोतर नेसून, हात मागे बांधून शेताकडं चाललंय असं वाटलं. चाल अशी की घाई कशाची म्हणून नाही. मग त्या 'माणसानं' मान वळवली आणि मला कळलं की हा पक्षी आहे. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा तुरा, पाठ गवताच्या रंगाची. चौथीच्या पोरांच्या खांद्याला लागेल एवढा उंच. थोड्या वेळानं त्यानं गळ्याची पिशवी फुगवली, शेपूट पाठीवर उलटी टाकली आणि एक आवाज काढला. रिकाम्या घागरीत तोंड घालून हुंकार भरावा तसा. तो आवाज कानांना कमी आणि छातीला जास्त ऐकू आला.

"माळढोक हाय त्यो," मागून कुणीतरी म्हणालं. "मादीला बोलावतुय. आता दोन म्हैने हितंच असनार."

ते आबा. सुरेखाचे आजोबा. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मागं शंभरभर मेंढरं. त्यांचं अर्धं आयुष्य त्या माळावर गेलं होतं. मी विचारलं, "आबा, हा खातो काय इथं? इथं तर काहीच नाही." ते हसले. वाकून गवतात हात घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली. मुठीत दोन नाकतोडे, एक काळा किडा आणि बोराच्या झुडपाचं वाळकं पान. "ह्ये कायच न्हाई व्हय?" म्हणाले. मी ओशाळून हसले आणि शाळेत जाऊन ते सगळं विसरले.

आता विसरत नाही. आता या वयात मला त्या माळावरचं सगळं एकेक करून आठवतं. सरळ वर चढत जाणारा आणि वरच्या वर गात राहणारा चंडोल. तुरुतुरु पळून थांबणारा, परत पळणारा धाविक. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसलेलं खोकड, कान केवढे मोठे त्याचे. काळविटांचा कळप, त्यातला एक नर उगाच रुबाब करत उभा. लांडगा मी एकदाच पाहिला, मान खाली घालून निघाला होता, आपण बरं की आपलं काम बरं. आणि तणमोर, पावसात गवतातून उडी मारून वर येणारा आणि परत गवतात बुडणारा. तो मी स्वतः पाहिला की आबांनी इतक्यांदा सांगितला की पाहिल्यासारखा वाटतो, हे आता मला सांगता येणार नाही. काहीच नाही म्हणत होते मी त्या जागेला.

माझ्या नेमणुकीचं तिसरं वर्ष. त्या पावसाळ्यात वरून फतवा आला की प्रत्येक शाळेनं झाडं लावायची. फतवे दरवर्षीच येत. त्यांचं काय व्हायचं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. टेम्पोतून काळ्या पिशव्यांतली रोपं उतरायची, खड्डे व्हायचे, फोटो निघायचा, दसऱ्यापर्यंत शेळ्या सगळं साफ करायच्या आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवी रोपं. एका शाळेत तर खड्ड्यांना नंबर होते म्हणे, म्हणजे शोधायला नकोत. कागदावर तालुक्यात घनदाट जंगल होतं.

मला हे खपणारं नव्हतं. मी भिंगारची, सावलीत वाढलेली, तिशीच्या आतली आणि शहाणपणानं ठासून भरलेली. मी ठरवलं, माझ्या शाळेची झाडं जगणार. ओढ्याच्या अलीकडचा माळ आम्हाला मिळाला होता. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, करंज, कडुनिंब. मी दर झाडाला एका मुलाचं नाव दिलं. खोडाशी पत्र्याची पट्टी, पट्टीवर रंगानं नाव. रोज परिपाठाआधी प्रत्येकानं हापशावरून एक तांब्या पाणी भरायचं आणि आपल्या झाडाला घालून मगच वर्गात यायचं. ज्याचं झाड वाळेल त्यानं आठवडाभर वर्ग झाडायचा. मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा येऊन पाणी घालत. आजारी पडलेल्या मुलीच्या झाडाला तिची आई पाणी घालून जाई.

आज वाटतं, मी इतर शिक्षकांसारखी थोडी आळशी का नव्हते. ते फोटो काढून घरी गेले आणि त्यांच्या हातून काही बिघडलं नाही. सगळ्या तालुक्यात झाडं लागली आणि मेली. माझी जगली.

खड्डे खणायला सुरुवात झाली त्या दिवशी आबा आले. मेंढरं लांब उभी केली आणि एकटेच माझ्याकडं चालत आले.

"बाई, हितं झाडं नका लावू."

"का हो आबा?"

"ढोकाला चहूबाजूंनी दिसाया पायजे. कोल्हं कुठून यतंय, कुत्रं कुठून यतंय, त्याला लांबून कळाया पायजे. आडोसा झाला की त्यो यत न्हाई. आडोशाला भितो त्यो."

"झाडानं कुणाचं वाईट होतं का आबा?"

"न्हाई हुत. पर ह्यो माळ हाय. झाडाला गाव पडलंय, रस्ता पडलाय, बांध पडलाय. माळाला माळ ऱ्हाऊ द्या."

मुलं टिकाव-फावडी घेऊन बघत उभी होती. त्यांच्यापुढं एका अंगठेबहाद्दर माणसानं मला शिकवावं, हे मला बोचलं. मग मी जे बोलले ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला मेंढरं चारायला जागा हवी म्हणून पक्ष्याचं नाव कशाला पुढं करता?"

ते माझ्याकडं बघत राहिले, मग खाली बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी मुलांसमोर खोटं ठरवलं आणि त्यांच्यात त्यांची नातही उभी होती. सुरेखा तेव्हा चौथीत होती.

असं असूनही दोन दिवसांनी आबा परत आले, हे त्यांचं मोठेपण. मला हातानं खुणावून बोलावलं. खड्ड्यांच्या दोन ओळींच्या मध्ये, गवतात, उघड्या जमिनीवर एक अंडं होतं. कोंबडीच्या अंड्याच्या दीडपट, मातकट हिरवं, वर तपकिरी शिंतोडे. घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. पायाखाली येईपर्यंत दिसू नये असं. लांब, दगडफेकीच्याही पलीकडं, मादी उभी होती. आमच्याकडं बघत.

"एकच घालती," आबा म्हणाले. "वरसाला एक. म्हैनाभर थांबा बाई. पिल्लू निघालं की जातंय आईमागं. मग काय लावायचं ते लावा."

मला खरंच गलबलून आलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी दुष्ट नव्हते. मी म्हणाले, "आबा, काळजी करू नका. या अंड्याला कुणी हातसुद्धा लावणार नाही." पण महिनाभर थांबायचं म्हणजे रोपं वाळणार, पाऊस निघून जाणार, वरून विचारणा होणार. म्हणून मी मधला मार्ग काढला. मास्तरकीच्या डोक्याला दुसरं काय सुचणार? कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की आणली. अंड्याभोवती चांगलं दहा पावलांचं गोल रिंगण आखून घेतलं. मुलांना सांगितलं, या रेघेच्या आत पाय टाकायचा नाही, टाकेल त्याला छडी. आणि रिंगण सोडून बाकी सगळीकडं खड्डे चालू ठेवले.

मुलं फार शहाण्यासारखी वागली. एकानंही रेघ ओलांडली नाही. मधल्या सुट्टीत रेघेवर पायाचे अंगठे टेकवून, गोल करून उभी राहायची आणि अंड्याकडं बघायची. मी त्यांना तिथंच निसर्गाचा पाठ दिला. किती अभिमान वाटला होता मला त्या पाठाचा.

फक्कीचा डबा सुरेखाच्या हातात असे. पावडरच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलेली, तो हलवत चालायचं. वर्गात सगळ्यात सरळ रेघ तिची म्हणून हे काम तिच्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर रिंगण जागोजागी पुसलेलं. मला वाटलं वारा असेल, शेळ्या असतील. सुरेखाला सांगितलं, परत मार. तिसऱ्या दिवशी परत पुसलेलं. मी चिडले, परत मारून घेतलं, या वेळी दुप्पट जाड. चौथ्या दिवशीही तेच. मी परिपाठाला सगळ्या मुलांना उभं केलं, कोण पुसतंय विचारलं. कुणी बोललं नाही. परत फक्की. हिरव्या-तपकिरी माळावर तो पांढरा गोल पार सडकेवरून दिसायचा. मादी पहिले दोन दिवस लांब उभी असे. मग ती दिसली नाही.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत गेले तर सकाळी मारलेलं रिंगण जागेवर होतं आणि आत काही नव्हतं. थोडं चिकट ओलं गवत, टरफलाचे दोन तुकडे. वर आभाळात कावळे.

आबा तिथंच बसले होते, घोंगडी पायांवर घेऊन. मी जवळ गेले. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुसत हुतो मी रोज सांजच्याला. तुमी सकाळच्याला परत मारत हुता."

"तुम्ही पुसत होता?"

"त्या पांढऱ्या रेघंत ती बसंल व्हय बाई? अंडं दिसू नये म्हनून मातीच्या रंगाचं घालती ती. तुमी त्याला समद्या दुनियेला दाखवलं." मग घोंगडी सावरत म्हणाले, "सांगायचं हुतं तुमाला. पर मागं बोललो तवा तुमी म्हनला, मेंढरासाठी बोलतो."

  माझ्या तोंडच्या एका वाक्यानं त्या माणसाचं तोंड बंद झालं आणि त्या बंद तोंडापायी ते अंडं गेलं. मी पापपुण्य फारसं मानणारी बाई नाही. पण ज्याला पाप म्हणतात ते असंच काहीतरी असावं.

पुढं सगळं छान झालं. झाडं वाढली, चराईबंदी झाली, आबांची मेंढरं दुसऱ्या माळाला गेली. तालुक्यात आमच्या शाळेचा सत्कार झाला. त्या समारंभाचा फोटो माझ्याकडं आहे. मागं हिरवीगार रोपं, पुढं मी, हातात प्रमाणपत्र, चेहऱ्यावर असं हसू की आज बघवत नाही. माझी बदली झाली तेव्हा मुलं ढसाढसा रडली आणि झाडीला गावानं 'बाईंची झाडी' हे नाव दिलं. त्या श्रावणानंतर ढोकाचा आवाज मी तिथं एकदाही ऐकला नाही. दोन-तीन वर्षं लोक म्हणत, पलीकडच्या माळावर दिसला, अमक्यानं पाहिला. मग तेही म्हणेनासे झाले.

मी स्वतःची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. म्हटलं, कालवा आला, ऊस आला, माळ नांगरून निघाला. विहिरींवर मोटारी बसल्या, त्यांच्यासाठी तारा आल्या. हा एवढा जड पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरची तार त्याला दिसत नाही, दिसली तरी वेळेवर वळता येत नाही. मोकाट कुत्री वाढली. पूर्वी तर लोक बंदुका घेऊन जीपमधून यायचे. मग माझ्या एका अंड्याचं एवढं काय? दोष सगळ्यांत वाटला तर माझ्या वाट्याला कितीसा येणार. पण वाटणी करून पाहिली की लक्षात येतं, बाकीच्यांनी आपापल्या पोटासाठी केलं. मी चांगलं करायला म्हणून केलं आणि त्याबद्दल नारळ घेतले.

नंतरच्या शाळांत मी परिसर अभ्यास शिकवायची. चाचणीत प्रश्न घालायची, माळढोक पक्ष्यांची संख्या का कमी झाली? वर्गातली निम्मी मुलं लिहायची, 'वृक्षतोडीमुळे'. वाघ कमी झाले, वृक्षतोडीमुळे. गिधाडं कमी झाली, वृक्षतोडीमुळे. पाऊस कमी झाला, वृक्षतोडीमुळे. मुलांना एक किल्ली सापडलेली असते, ती प्रत्येक कुलपाला लावून बघतात. मी लाल पेन हातात घेऊन त्या उत्तरावर थांबायची. चूक म्हणून फुली मारावी, तर मूल विचारणार, मग खरं उत्तर काय बाई? खरं उत्तर सांगायचं तर श्रावणातल्या त्या सकाळपासून सुरुवात करावी लागली असती. मी गुपचूप बरोबरची खूण करून पुढं जायची. किती वर्षं, किती वह्या. ती सगळी मुलं आता मोठी झाली. कुणी सरपंच असेल, कुणी अधिकारी असेल, आणि उघडा माळ दिसला की त्यांच्या हाताला झाडं लावायची खाज सुटत असेल.

वाघाला जंगल लागतं हे कुणालाही सांगावं लागत नाही. वाघाच्या जंगलात कुणी नांगर घातला तर पेपरात येतं. माळाचं तसं नाही. माळ मोडला तर लोक म्हणतात विकास झाला, आणि माळावर झाडी केली तर म्हणतात पुण्य झालं. ज्याच्यासाठी ओक्साबोक्शी रडावं असं तिथं काही उंच, हिरवं, डोळ्यात भरणारं नसतंच. आपण दिसणाऱ्याला वाचवतो. न दिसणं हाच ज्याचा जगायचा उपाय, त्याला कोण वाचवणार? वर्षाला एक अंडं घालणाऱ्या जिवाचा एक पावसाळा हुकला तर त्याचं अख्खं साल हुकतं. त्याला दुबार पेरणी नाही.

गुरुवारी पहाटेची एसटी धरली. नगर सोडलं की पुढं दोन्ही अंगांना ऊसच ऊस. खिडकीतून मान कितीही वळवा, लांबवर नजर जाईल अशी जागा नाही. भिंगारच्या मला सावलीची एवढी हाव होती आणि आता या हिरव्या भिंतींमधून जाताना जीव गुदमरत होता.

सुरेखा फाट्यावर स्कूटी घेऊन उभी होती. चाळिशी आलेली, चष्मा लागलेला, पण धावत येऊन पाया पडायची पद्धत तीच. मला मागं बसवून थेट माळावर घेऊन गेली. ओढा ओलांडला आणि मी तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पलीकडचा माळ समोर होता. गवत नुकतं वर येत होतं, चंडोल गात होता. आणि त्या सगळ्या माळावर, जिथवर नजर जाईल तिथवर, ओळीनं पांढऱ्या फुल्या. प्रत्येक खड्ड्याच्या जागी एक. फक्कीच्या.

"तुमच्यासारखंच आखलंय बाई," सुरेखा म्हणाली. "एक ओळ वाकडी नाही बघा."

कडेला पिवळा जेसीबी उभा होता. टेम्पोतून रोपं उतरत होती. मंडप, खुर्च्या, माईक. मला शाल दिली, नारळ दिला, रोप हातात दिलं. मी ते रोप टेबलावर ठेवलं आणि माईक घेतला. पाठ केलेलं भाषण माझ्याकडं कायम तयार असतं. ते मी केलं नाही. अंड्याचं सांगितलं. रिंगणाचं सांगितलं. आबांना मी काय बोलले तेही सांगितलं, त्यांच्या नातीसमोर, त्यांच्या गावासमोर. आबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माफी मागायची तर ती आता या गर्दीकडंच मागायची होती.  शेवटी म्हणाले, "ही रोपं गावात लावा, शाळेत लावा, रस्त्याच्या कडेला लावा, मी स्वतः पाणी घालायला येईन. हा माळ सोडा. इथं काहीच नाही असं म्हणणारी पहिली बाई मी होते. मी चुकले होते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागं कुणीतरी म्हणालं, "बाईंचं वय झालं." सरपंच भला माणूस, डोकं खाजवत म्हणाले, "बाई, वरून आकडा ठरवून दिलाय. रोपं आल्यात. आता मी काय सांगू वर?" मग जेसीबीवाल्याला म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. उद्या बघू." लोक चहाला गेले. आजचा दिवस मिळाला, एवढंच.

मी माळात चालत निघाले. सुरेखा मागून आली.  मला वाटलं ती रागावली असेल. आपल्या आजोबांचा बाईंनी केलेला अपमान ती त्या दिवशी उभ्याउभ्या बघत होती आणि मी आज तो तिच्याच कार्यक्रमात चव्हाट्यावर मांडला होता.

"मला माहीत होतं बाई," ती म्हणाली.

"काय?"

"आबा पुसतो ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संध्याकाळी मी त्याच्याबरोबरच असायची."

"मग परिपाठाला विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"आबानं सांगितलं होतं." सुरेखा शिक्षिका झाल्यापासून शाळेची भाषा बोलते, पण हे सांगताना तिची भाषा तिच्या आजोबांची झाली. "मी रडत हुते. म्हनलं, आबा, बाई परत मारायला लावत्यात, मी न्हाई मारनार, मी शाळंत न्हाई जानार. तर मला म्हनला, बाईंचं ऐकायचं. शाळा सोडायची न्हाई. तू सकाळी मारत जा. मी सांजच्याला पुसत जाईन."

मी तिथंच उभी राहिले. त्या सहा दिवसांत आबांना दोन गोष्टी वाचवायच्या होत्या, एक अंडं आणि एक पोर. दोन्ही माझ्या हातात होत्या आणि मला त्यातलं काही माहीतही नव्हतं. पोर त्यांनी वाचवली. तिची सरळ रेघ मी आयुष्यभर माझं कर्तृत्व म्हणून मिरवली.

सुरेखा माझ्यापुढं दोन पावलं जाऊन थांबली. पायातली चप्पल काढली. टाचेनं एक फुली घासली. फक्की मातीत मिसळली, वर गवत आलं. मग दुसरी. मीही चप्पल काढली. मुरूम टोचत होता, साडीच्या काठाला गेल्या सालची वाळकी कुसळं लागत होती. मंडपाकडून कुणीतरी हाक मारली, आम्ही वळून पाहिलं नाही. ओढ्याच्या बाजूनं सुरू करून आम्ही ओळीनं पुसत गेलो. ऊन उतरलं तरी फुल्या पुष्कळ बाकी होत्या.

सुरेखा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, सगळ्या माळावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, सकाळी कुणीतरी परत मारंल."

मी म्हणाले, "मग मुक्कामाला राहते."